बारा कोटी नव्वद लाख आणि एक ना-हरकत

(चंद्रपूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



१० सप्टेंबर २०२४ रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्लेअर स्टेटस कमिटीने एक आदेश काढला. अन्वर अली या चोवीस वर्षांच्या बचावपटूने मोहन बागानशी असलेला करार योग्य कारणाशिवाय मोडला, असे कमिटीने ठरवले. अन्वरला चार महिने खेळबंदी झाली. त्याला घेणारा ईस्ट बंगाल आणि त्याचा मूळ क्लब दिल्ली एफसी, या दोघांना दोन ट्रान्सफर विंडोंपर्यंत नवा खेळाडू नोंदवायला मनाई झाली. आणि खेळाडू व दोन्ही क्लब, अशा तिघांनी मिळून मोहन बागानला १२ कोटी ९० लाख रुपये भरपाई द्यावी, असा हुकूम झाला.

ज्या क्रीडाशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या जिल्ह्यातल्या मुलांना चेंडूवर प्रेम करायला शिकवले. माझे आयुष्य हिशेबवह्या तपासण्यात गेले. म्हणून मला बोलता येईल ते या बारा कोटी नव्वद लाखांविषयी. हे पैसे कशाचे, ते कुणाच्या खिशातून जातात, कुणाच्या खिशात कधीच पोचत नाहीत, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाने त्यात लक्ष का घालावे, एवढाच आजचा विषय आहे.

कमिटीने ही रक्कम तीन भागांत मोजली होती. कराराच्या उरलेल्या काळाची किंमत ८ कोटी ४० लाख. खेळाडू लोनवर घेण्यासाठी मोहन बागानने दिल्ली एफसीला आधीच दिलेले २ कोटी. आणि नुकसानीपोटी आणखी अडीच कोटी. हे तीन आकडे लक्षात ठेवा. क्लबने खेळाडूसाठी मोजलेले पैसे दोन कोटी आहेत, आणि वादानंतर मागितलेले पैसे त्याच्या सहापटींहून जास्त. ट्रान्सफरचा वाद महाग पडतो तो असा. भांडण सुरू झाले की मूळ किंमत मागे पडते, आणि जे झालेच नाही त्याची किंमत लावली जाते: न खेळलेले सामने, न संपलेली वर्षे.

अन्वर हा जालंधर जिल्ह्यातल्या आदमपूरचा मुलगा. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला तेव्हा तो भारताच्या संघात होता. २०१८ मध्ये मुंबई सिटीने त्याला करारबद्ध केले. २०१९ मध्ये तपासणीत त्याच्या हृदयात दोष निघाला, आणि एकोणीस वर्षांच्या मुलाला खेळ थांबवायला सांगण्यात आले. २०२० मध्ये तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला. खेळण्याचा हक्क मिळवण्यासाठी या मुलाला पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढावी लागली ती तेव्हा. पुढे दिल्ली एफसीने त्याला मैदानात उतरवले, २०२२ च्या जानेवारीत एफसी गोवाने त्याला लोनवर घेतले, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये तो भारताच्या वरिष्ठ संघाकडून खेळला. ज्याला वैद्यकीय कारणाने कुणी हात लावत नव्हते, त्याच्यासाठी दोन वर्षांत कोलकात्याचे दोन मोठे क्लब भांडू लागले. हा त्या मुलाच्या जिद्दीचा विजय आहे, आणि तो मोठा आहे.

२०२३ मध्ये दिल्ली एफसीने त्याला मोहन बागानला लोनवर दिले, तेही चार वर्षांसाठी. लोन म्हणजे खेळाडू मूळ क्लबचाच राहतो, पण ठरलेल्या काळापुरता दुसऱ्याकडून खेळतो. चार वर्षांचे लोन हे ऐकायलाच विचित्र वाटते. खेळाडूच्या उमेदीची चार वर्षे, म्हणजे त्याच्या कारकिर्दीचा तिसरा हिस्सा. फिफाने जुलै २०२२ पासून नियम केला होता की लोन एका वर्षापेक्षा जास्त काळाचे असू नये. पण हा नियम आंतरराष्ट्रीय व्यवहारांना तत्काळ लागू झाला, आणि देशांतर्गत नियम त्याच्याशी जुळवून घ्यायला राष्ट्रीय महासंघांना तीन वर्षांची मुदत मिळाली. अन्वरचा करार त्या तीन वर्षांच्या मधल्या फटीत सापडला. २०२४ च्या उन्हाळ्यात त्याने लोन संपल्याचे जाहीर केले, मूळ क्लबात परतला, आणि दिल्ली एफसीने त्याला ईस्ट बंगालला दिले. पाच वर्षांसाठी.

आदेश निघाला, आणि दोन्ही क्लब व खेळाडू दिल्ली उच्च न्यायालयात गेले. १३ सप्टेंबरला, म्हणजे इंडियन सुपर लीगचा हंगाम सुरू झाला त्याच दिवशी, तिथे सुनावणी झाली. आदेशात कारणे नीट दिलेली नाहीत, असा आक्षेप होता. आदेश मागे घेतला गेला, सर्वांना नव्याने ऐकायचे ठरले. अन्वर त्या हंगामात ईस्ट बंगालकडूनच खेळला. ज्या कागदाने बारा कोटी नव्वद लाखांचे देणे उभे केले, तो कागद तीन दिवस टिकला. पण त्या तीन दिवसांआधीचे कित्येक आठवडे आणि नंतरचे कित्येक महिने तीन क्लबांच्या हिशेबात हे देणे लटकत राहिले.

आता थोडे माझ्या धंद्याचे बोलू द्या.

क्लबच्या ताळेबंदात खेळाडू दिसत नाही. दिसतो तो त्याच्या नावाच्या नोंदणीचा हक्क. समजा एका क्लबने चार कोटी देऊन चार वर्षांसाठी खेळाडू घेतला. ते चार कोटी त्या वर्षीच्या खर्चात टाकत नाहीत. दरवर्षी एक कोटी याप्रमाणे ते फेडत नेतात. म्हणून करार जितका लांब, तितका दरवर्षीचा बोजा हलका दिसतो. लंडनच्या चेल्सी क्लबने याच कारणाने सात-आठ वर्षांचे करार करायला सुरुवात केली, तेव्हा युएफाने २०२३ मध्ये ही फेड जास्तीत जास्त पाच वर्षांत करावी असा दंडक घातला. लांब करारांमागे नेहमी खेळाडूवरचे प्रेम असते असे समजू नका. पुष्कळदा त्यामागे हिशेबनीस असतो.

वाद उभा राहिला की हे गणित कोलमडते. ज्याने खेळाडू गमावला, त्याच्या वहीतली मालमत्ता एका रात्रीत संशयास्पद होते. ज्याने खेळाडू घेतला, त्याला भरपाईची तरतूद करून ठेवावी लागते, किंवा निदान ताळेबंदाच्या टिपांमध्ये संभाव्य देणे म्हणून लिहावे लागते. आमच्या व्यवसायात या टिपा बारीक टायपात छापतात, पण बँक आणि प्रायोजक आधी तेच पान उघडतात. तिथे एखादा मोठा आकडा दिसला की कर्जाचा दर वाढतो, प्रायोजक करारावर सही करायला पुढची तारीख देतो. नोंदणीबंदीचा खर्च याहून अवघड, कारण तो कुठल्याच रकान्यात लिहिता येत नाही. दोन विंडो म्हणजे जवळपास पूर्ण वर्ष. त्या वर्षात गोलरक्षकाचा गुडघा गेला तर नवा आणता येत नाही. संघात असलेल्या खेळाडूंना ठाऊक असते की क्लबला दुसरा पर्याय नाही. ते पगारवाढ मागतात आणि ती द्यावी लागते. मग वकील. दिल्लीतले वकील, आणि प्रकरण बाहेर गेले तर आंतरराष्ट्रीय क्रीडा लवाद जिथे आहे त्या स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरातले.

हे सगळे मोठ्या क्लबला सोसते. मोहन बागानमागे गोएंकांचा उद्योगसमूह आहे, ईस्ट बंगालमागे इमामी. पण त्याच आदेशात तिसरा क्लब होता, खालच्या लीगमधला, मुले घडवून वर पाठवण्यावर जगणारा. संयुक्त जबाबदारी या शब्दांचा अर्थ असा की तिघांपैकी कुणाकडूनही पूर्ण रक्कम वसूल करता येते. बारा कोटी नव्वद लाख हे मोठ्या उद्योगसमूहाला जाचणारे देणे असेल. छोट्या क्लबच्या दाराला ते कुलूप लावू शकते.

आणि चौथी बाजू, खुद्द खेळाडू. त्याच्या नावावरही तेच देणे.

जगात हे आधी घडून गेले आहे. ब्राझीलचा मातुझालेम हा खेळाडू २००७ मध्ये युक्रेनचा शाख्तार क्लब सोडून स्पेनच्या सारागोसाकडे गेला. क्रीडा लवादाने २००९ मध्ये त्याच्यावर आणि नव्या क्लबवर मिळून १ कोटी १८ लाख युरोंहून जास्त भरपाई लादली. सारागोसाचीच आर्थिक स्थिती ढासळली, पैसे काही भरले गेले नाहीत, आणि मग खेळाडूवर बंदीची वेळ आली: पैसे भरेपर्यंत खेळायचे नाही. खेळला नाही तर कमावणार कशातून, आणि कमावले नाही तर भरणार काय? २७ मार्च २०१२ रोजी स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली. माणसाच्या व्यक्तिस्वातंत्र्यावर याहून मोठा घाला नाही, असा त्या निकालाचा रोख होता. क्रीडा लवादाचा निर्णय ते न्यायालय सहसा बदलत नाही. या वेळी बदलला.

फ्रान्सचा लासाना दियारा २०१४ मध्ये मॉस्कोच्या लोकोमोटिव्ह क्लबपासून वेगळा झाला. त्याच्यावर १ कोटी ५ लाख युरोंचे देणे लागले. बेल्जियमचा शार्लरुआ क्लब त्याला घ्यायला तयार होता, पण अट अशी की त्या देण्यात आपल्याला ओढले जाणार नाही याची हमी हवी. नियमांप्रमाणे नव्या क्लबलाही ते देणे चिकटत होते. हमी मिळाली नाही, करार झाला नाही, दियाराचा एक पूर्ण हंगाम वाया गेला. युरोपीय न्यायालयाने हे नियम युरोपीय कायद्याविरुद्ध ठरवले ते ४ ऑक्टोबर २०२४ रोजी. दहा वर्षांनी. तोवर दियारा खेळातून निवृत्तही झाला होता.

आणि या सगळ्यांच्या आधीचा बोस्मान. बेल्जियमच्या लिएज क्लबशी त्याचा करार १९९० मध्ये संपला होता. करार संपला तरी क्लब पैसे मागत होता, फ्रान्सच्या डंकर्क क्लबकडे जाऊ देत नव्हता, आणि स्वतः मात्र त्याला पूर्वीच्या पगाराचा एक अंश देऊ करत होता. १५ डिसेंबर १९९५ रोजी निकाल त्याच्या बाजूने लागला. करार संपला की खेळाडू मोकळा, हे तत्त्व त्या दिवशी युरोपात ठरले. त्याच्या निकालावर नंतरच्या पिढीने अब्जावधी कमावले. बोस्मानची स्वतःची कारकीर्द त्या पाच वर्षांत संपली आणि पुढचे आयुष्य ओढाताणीत गेले. वादाच्या आर्थिक परिणामाचा ताळेबंद मांडायचा झाला तर क्लबची हानी रुपयांत मोजता येते. खेळाडूची हानी हंगामांत मोजावी लागते, आणि हंगाम परत मिळत नाही.

आता आपल्याजवळच्या गोव्याकडे वळू. चर्चिल ब्रदर्स या सालसेतच्या क्लबने दोन वेळा आय-लीग जिंकली आहे, २००८-०९ आणि २०१२-१३. ६ एप्रिल २०२५ रोजी लीगचा शेवटचा दिवस होता. चर्चिलचे ४० गुण झाले, वाराणसीच्या इंटर काशीचे ३९. पण जानेवारीतल्या एका सामन्याचा वाद अजून चालू होता. नामधारी क्लबने इंटर काशीला हरवले होते, पण निलंबित खेळाडू मैदानात उतरवून. शिस्तपालन समितीने गुण इंटर काशीला दिले, अपील समितीने ते काढून घेतले. चर्चिल विजेते ठरले. क्रीडा लवादाने पारितोषिक समारंभ थांबवायला सांगितले, तोवर करंडक गोव्यात पोचला होता. जूनमध्ये लवादाने नामधारीचा वाद इंटर काशीच्या बाजूने दिला. दुसरा वाद इंटर काशीच्याच मारिओ बार्को या स्पॅनिश खेळाडूच्या नोंदणीचा होता: हंगामात एकदा नाव काढून पुन्हा नोंदवता येते की नाही? १८ जुलै २०२५ रोजी तोही निकाल इंटर काशीच्या बाजूने लागला, आणि महासंघाने त्यांना तत्काळ विजेते जाहीर करावे असा आदेश निघाला.

साडेतीन महिने देशाच्या एका लीगला पक्का विजेता नव्हता. विजेता म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये बढती. बढती म्हणजे नवे प्रायोजक, नवे खेळाडू, वेगळे अंदाजपत्रक. या साडेतीन महिन्यांत गोव्याच्या क्लबने कोणते अंदाजपत्रक करायचे होते? वरच्या लीगचे केले आणि निकाल उलटला, तर पगार द्यायला पैसे नाहीत. खालच्या लीगचे केले आणि निकाल बाजूने लागला, तर संघ अपुरा. लवादाचा खर्चही वाटून आला: ५५ टक्के महासंघाने, आणि चर्चिल, नामधारी व रिअल काश्मीर या क्लबांनी प्रत्येकी १५ टक्के. एका नोंदणीच्या अर्जाचा प्रश्न होता. तो हंगामाच्या मध्येच, दिल्लीतच, एका आठवड्यात सुटायला हवा होता. तसे झाले नाही याचा मला मनापासून राग आहे, कारण हा खर्च शेवटी तिकीट काढणाऱ्या आणि पोरांना मैदानावर पाठवणाऱ्या माणसांच्या डोक्यावर बसतो.

तुम्ही म्हणाल, कोलकाता, गोवा, बेल्जियम. यात आमचे काय?

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले लेखा-मेंढा गाव तुम्हाला मी सांगायला नको. २००९ साली त्या ग्रामसभेला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कित्येक वर्षांच्या कामाचे ते फळ होते. बांबू गावाचा झाला. पण बांबू तोडून विकायला निघाले तेव्हा वाहतूक परवाना, म्हणजे टीपी, मिळेना. वन विभाग म्हणे बांबू हे झाड; वनहक्क कायदा म्हणतो ते गौण वनोपज. हक्क कागदावर पक्का होता, आणि टीपी नाही म्हणून बांबू घेणारा कुणी नव्हता. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि टीपीचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्या दिवसापासून बांबूची किंमत गावाला मिळू लागली.

फुटबॉलमधली ना-हरकत ही खेळाडूची टीपी आहे. देशात क्लब बदलायचा तर एनओसी, देशाबाहेर जायचे तर आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर प्रमाणपत्र. पायात कितीही कसब असो, तो कागद ज्याच्या हातात त्याच्या हातात व्यवहाराची नाडी. गडचिरोलीच्या माणसाने ही गोष्ट जंगलात शिकून घेतली आहे. देशातल्या बहुतेक फुटबॉल क्लबांच्या पदाधिकाऱ्यांपेक्षा आपल्या ग्रामसभांचे अध्यक्ष या प्रकारच्या कागदाचे मोल जास्त जाणतात, असे मी जबाबदारीने म्हणतो.

आता माझा मूळ मुद्दा. खेळाडूच्या व्यवहारातला एक हिस्सा, ज्यांनी त्याला लहानपणी शिकवले त्यांच्याकडे परत गेला पाहिजे, असा फिफाचा नियम आहे. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला तर रकमेच्या ५ टक्के बाजूला काढतात आणि तो बारा ते तेवीस वर्षांचा असताना ज्या ज्या क्लबांत नोंदलेला होता, त्यांना वाटतात. याला सॉलिडॅरिटी म्हणतात. समजा व्यवहार एक कोटीचा. पाच लाख बाजूला. बारा ते पंधरा वयातल्या प्रत्येक हंगामाला २५ हजार, सोळा ते तेवीसमधल्या प्रत्येक हंगामाला ५० हजार. चार वर्षे लहान मुलाला सांभाळणाऱ्या क्लबला एक लाख रुपये. याशिवाय खेळाडू पहिल्यांदा व्यावसायिक होतो तेव्हा प्रशिक्षण भरपाई वेगळी. देशातल्या देशात होणाऱ्या व्यवहारांना महासंघाचे स्वतःचे नियम लागतात, पण तत्त्व तेच. हे पैसे वाटण्यासाठी फिफाने पॅरिसमध्ये क्लिअरिंग हाऊस उभे केले आणि नोव्हेंबर २०२२ पासून ते चालू आहे. तिथे खेळाडूचा इलेक्ट्रॉनिक पासपोर्ट तयार होतो: कोणत्या वाढदिवसापासून कोणत्या वाढदिवसापर्यंत तो कुठल्या क्लबात होता. ज्या काळात नाव कुठेच नाही, त्या काळाचे पैसे मागायला कुणी उरत नाही.

आपल्या दोन जिल्ह्यांत मुले खेळतात ती कुठे? भामरागड, एटापल्ली, जिवती, कोरची इथल्या आश्रमशाळांत. चंद्रपूर, चिमूर, गडचिरोली, अहेरी, भामरागड या पाच प्रकल्प कार्यालयांच्या क्रीडा स्पर्धांत. कोळसा खाणींच्या वसाहतींत, बल्लारपुरात, भद्रावतीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानावर. या मुलांत दम आहे का, हा प्रश्न मे २०१८ नंतर कुणी विचारू नये. त्या महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची मुले एव्हरेस्टच्या शिखरावर उभी राहिली. प्रश्न नोंदीचा आहे. आश्रमशाळेतल्या मुलाचे नाव शाळेच्या हजेरीपटावर असते, स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर असते. महासंघाच्या नोंदणी प्रणालीत, ज्याला सगळे सीआरएस म्हणतात, तिथे ते नसते, कारण शाळा हा संलग्न क्लब नाही. तो मुलगा सोळाव्या वर्षी नागपूर-कामठीच्या एखाद्या जुन्या क्लबात गेला, तिथून पुण्या-मुंबईला, की त्याची नोंद कामठीपासून सुरू होते. त्याआधीची चार-पाच वर्षे, ज्या वर्षांत कुणीतरी सकाळी सहाला त्याच्यासाठी मैदान आखले, ती फुटबॉलच्या हिशेबात अस्तित्वातच नाहीत.

आणि जिथे नोंद धूसर असते तिथेच वाद उगवतो. अन्वरच्या प्रकरणात चार पक्ष होते आणि सर्वांकडे वकील होते. आपल्या मुलाच्या बाबतीत दोन क्लब भांडले, तर तिसऱ्या बाजूला कागद वाचता न येणारे आईबाप असतील. त्यांच्यासाठी काही गोष्टी आजच सांगून ठेवतो. अठरा वर्षांखालच्या खेळाडूचा करार तीन वर्षांपेक्षा लांब असू शकत नाही. फिफाचा नियम आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला फुटबॉलसाठी परदेशी नेणे, मोजके अपवाद सोडले तर, मना आहे. कुणी एजंट घरी येऊन कोऱ्या कागदावर सही मागत असेल तर त्याला चहा द्या आणि परत पाठवा. करार झाल्यावर त्याची एक प्रत घरी आली पाहिजे. लोन असेल तर किती महिन्यांचे, लोनच्या काळात पगार कोण देणार, आणि लोन संपल्यावर मुलगा कुणाचा, या तीन ओळी मराठीत लिहून घ्या. आणि वाद झालाच तर फिफाच्या न्यायाधिकरणापुढे दावा करायची मुदत घटना घडल्यापासून दोन वर्षे आहे. आपल्याकडे दोन वर्षे नुसती विचारात जातात.

मुलींबद्दल वेगळे बोलले पाहिजे. फिफाच्या नियमावलीच्या विसाव्या कलमात २०२४ मध्येही स्पष्ट लिहिले होते की प्रशिक्षण भरपाई महिला फुटबॉलला लागू नाही. मुलीला घडवणाऱ्या क्लबचा खर्च मुलाइतकाच होतो. आपल्याकडे तो जास्तच होतो, कारण तिला मैदानावर आणायला आधी घरच्यांना समजवावे लागते, आणि संध्याकाळी परत सोडायला माणूस द्यावा लागतो. फिफाने हा नियम केला तेव्हा महिला फुटबॉलमध्ये पैसा नाही, क्लबांवर बोजा नको, असा विचार असेल. आज तो पटत नाही. सॉलिडॅरिटीचे पाच टक्के मात्र मुलींनाही लागू आहेत. म्हणून त्यांची नोंदणी मुलांच्या आधी करा.

मग करायचे काय, हे सांगून थांबतो. जिल्हा फुटबॉल संघटनांनी आश्रमशाळांचे संघ संलग्न करून घ्यावेत, ही मागणी आहेच, आणि त्यासाठी वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनपर्यंत जावे लागेल, प्रकल्प कार्यालयांची ना-हरकत लागेल. सरकारी शाळा पैसे कोणत्या शीर्षाखाली घेणार, हा प्रश्न तिथे येईल आणि वर्षभर फायली फिरतील. त्यापेक्षा जवळचा रस्ता मला ग्रामसभेचा दिसतो. आपल्या कित्येक ग्रामसभांकडे आज बँकेत खाते आहे, पॅन आहे, तेंदू आणि बांबूच्या लिलावाचे ठराव लिहिलेली वही आहे, लेखापरीक्षण होते. लिलावात कंत्राटदाराशी दर ठरवायची, हप्ता थकला तर तगादा लावायची सवय आहे. क्लब चालवायला याहून वेगळे काय लागते? चार-पाच शेजारच्या ग्रामसभांनी मिळून एक क्लब काढावा, जवळच्या आश्रमशाळेतली मुले-मुली बाराव्या वर्षीच त्या क्लबच्या नावावर नोंदवावीत, जन्मतारखेच्या दाखल्यासह. दर हंगामाच्या सुरुवातीला ग्रामसभेत नावे वाचून दाखवावीत. मुलाला वर जायचे असेल तेव्हा एनओसी अडवायची नाही, असा ठराव पहिल्याच दिवशी करावा. अडवणूक करणारा क्लब दोन-तीन वर्षांत मुले गमावतो. हक्क मागायचा तो शिकवल्याच्या वर्षांचा.

खर्चाचे म्हणाल तर चेंडू, बूट, संलग्नता शुल्क, प्रवास आणि एक लायसन्स असलेला प्रशिक्षक. प्रशिक्षकाचा पगार सोडला तर बाकी खर्च तेंदूचा हंगाम बरा गेलेल्या एखाद्या मध्यम ग्रामसभेला झेपेल. प्रशिक्षकासाठी जिल्हा नियोजन समितीकडे मागणी करता येईल. कागदपत्रांचा नमुना, संलग्नतेच्या अर्जापासून नोंदवहीच्या रकान्यांपर्यंत, मी मराठीत तयार केला आहे आणि त्याच्या प्रती बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत. धानोरा आणि कोरचीहून आलेल्या मंडळींनी जाताना घेऊन जावे. त्यात काही अडले तर पुढच्या महिन्यात मी तालुक्याला येऊन बसायला तयार आहे.